काटापट्टीतील गावांची नावे आणि सी भाषेतील छाटणी : कामाच्या नोंदी

२ मे

रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या काट्यावर मी काही वर्षांपूर्वी सी भाषेत एक लहान प्रोग्राम लिहून दिला होता. तो वजन नोंदवतो आणि पावती छापतो. आता त्यांना काटापट्टीच्या (मालाच्या वजनाच्या नोंदींच्या) जुन्या फाइलींवरून गाववार बेरीज आणि शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या हव्या आहेत. फाइली मुनीम अण्णांनी एक्सेलमध्ये ठेवलेल्या असून त्यांतील बरीच नावे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीतून उचलून चिकटवलेली आहेत. एका ओळीत शेतकऱ्याचे नाव, गाव, प्रत, घड, वजन, भाव, फरक आणि रक्कम असे आठ रकाने आहेत, आणि एकूण ओळी ३,२१६ आहेत. पहिल्याच धावेत प्रोग्रामने १८७ वेगवेगळी गावे मोजली. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे माल ५४ गावांतून येतो. उरलेली गावे म्हणजे मागे-पुढे चिकटलेल्या रिकाम्या जागा आणि डोळ्यांना न दिसणारी अक्षरे असणार, असे धरून मी त्यांच्या छाटणीला दोन दिवसांचे काम सांगितले. तो अंदाज पुरता चुकला, म्हणून या नोंदी ठेवत आहे. असेच काम अंगावर घेणाऱ्याचे निदान तेवढे दिवस वाचावेत.

३ मे

ओळ वाचण्यासाठी एफगेट्स हे सी भाषेतील तयार फंक्शन वापरले. ते ओळीच्या शेवटचे न्यूलाइन अक्षरही सोबत आणते, म्हणून सवयीने ‘स्ट्रलेन (मजकुराची लांबी) वजा एक’ या जागी शून्य, म्हणजे मजकूर इथे संपला असे सांगणारा बाइट (साठवणीचा एकक), ठेवून दिले. सायंकाळी अण्णांनी दूरध्वनीवरून कळवले की यादीतील शेवटच्या शेतकऱ्याची रक्कम १८,४५० ऐवजी १,८४५ अशी दिसते आहे. फाइलच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन नव्हते, आणि मी काही न तपासता शेवटचा बाइट उडवत होतो, त्यामुळे रकमेतील शेवटचा शून्य हा अंकच गेला. ओळीचा पहिलाच बाइट शून्य असता तर नुकसान याहून वाईट झाले असते. अशा वेळी लांबी शून्य येते आणि शून्यातून एक वजा करून मिळणारी जागा बफरच्या (ओळ ठेवण्याच्या जागेच्या) बाहेर पडते.

दुसरी गंमत टर्मिनलवर दिसली. रकमेच्या पुढे ‘रुपये’ हा शब्द छापायला सांगितला होता, तर तो ओळीच्या सुरुवातीला जाऊन शेतकऱ्याच्या नावावर बसत होता. फाइल विंडोजवर तयार झालेली आणि माझा लॅपटॉप उबुंटूवर चालणारा, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यूलाइनच्या आधीचे कॅरेज रिटर्न शिल्लक राहत होते आणि ते कर्सरला ओळीच्या आरंभी नेत होते. विंडोजवर हीच फाइल टेक्स्ट पद्धतीने उघडली असता ही अडचण येत नाही, म्हणून ती मला आधी कधी भेटली नव्हती.

दोन्हींवर एकच उपाय केला. स्ट्रसीस्पॅनला कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशी दोन अक्षरे शोधायला दिली आणि ते जी जागा सांगेल तिथे शून्य ठेवले. यांपैकी काहीच सापडले नाही तर ते स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) शेवटाचीच जागा देते आणि शून्यावर शून्य पडते, त्यामुळे ओळ रिकामी असो वा न्यूलाइनविना असो, काही बिघडत नाही. एक ओळ बदलली, पण ती सापडण्यात दुपार गेली.

४ मे

डावीकडच्या रिकाम्या जागा काढण्यासाठी पॉइंटर (मजकुराच्या जागेचा पत्ता) पुढे सरकवून तोच परत दिला. ओळीची जागा मॅलॉकने (स्मृतीतील जागा मागून घेणाऱ्या फंक्शनने) घेतलेली होती आणि काम झाल्यावर मी तो सरकलेला पॉइंटर जागा परत करणाऱ्या फ्रीच्या हवाली करत होतो. ज्या ओळींच्या सुरुवातीला रिकामी जागा नव्हती त्या निमूट पार पडल्या, आणि २११ व्या ओळीवर ‘अवैध पॉइंटर’ असा संदेश देऊन प्रोग्राम मेला. मॅलॉकने दिलेला पत्ता जसाच्या तसा परत करावा लागतो, हे माहीत असूनही चूक झाली.

मग पॉइंटर न हलवता मजकूरच डावीकडे ओढायचे ठरवले. येथे मजकुराची नक्कल करणारे स्ट्रकॉपी वापरू नये, कारण मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्यासाठी मेममूव्ह आहे. मी मेममूव्ह घेतले खरे, परंतु शेवटच्या शून्य बाइटसाठी लांबीत एक मिळवायला विसरलो. परिणामी दोन रिकाम्या जागांनंतर लिहिलेले ‘सावदा’ डावीकडे सरकले आणि जुन्या शेपटीचे दोन बाइट मागे लोंबत राहिले. पडद्यावर ‘सावदा’च्या पुढे दोन काळे प्रश्नचिन्हांकित चौकोन दिसले. लांबी अधिक एक केल्यावर ते गेले.

तपासणीसाठी लिहिलेले छोटे नमुने वेगळ्याच कारणाने कोसळत होते. त्यांत स्ट्रिंग थेट अवतरणचिन्हांत लिहून तिच्याकडे पॉइंटर रोखला होता, आणि अशा स्ट्रिंगमध्ये लिहिण्यास मुभा नसते. अ‍ॅरे केला, प्रश्न संपला. याबद्दल अधिक लिहीत नाही.

६ मे

काल दिवसभर भारनियमन आणि वर मे महिन्याचे ऊन, त्यामुळे काम झाले नाही. आज कार्यालयातील विंडोजच्या यंत्रावर प्रोग्राम बांधला, तर पहिल्याच नावावर डीबग (चुका शोधण्यासाठी बांधलेल्या) आवृत्तीने चौकट दाखवून थांबणे पसंत केले. माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम बिनतक्रार चालत होता. कारण असे की रिकामी जागा ओळखण्यासाठी मी आयस्पेसला थेट स्ट्रिंगमधील कॅरेक्टर देत होतो. या यंत्रांवर कॅर हा प्रकार चिन्हांकित आहे (म्हणजे १२७ च्या पुढचे बाइट उणे मोजले जातात) आणि देवनागरी अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो, तो आयस्पेसपर्यंत उणे ३२ होऊन पोहोचतो. आयस्पेसला फक्त शून्य ते २५५ आणि फाइलचा शेवट दर्शवणारे मूल्य एवढेच चालते. आधी अनसाइन्ड (उणे नसलेल्या) कॅरमध्ये रूपांतर करून मग दिले की भागते. इंग्रजी नावांवर चाचण्या घेऊन समाधान मानणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. मीही काट्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये तो वर्षानुवर्षे बाळगला होता.

एवढे करून गावांची संख्या १८७ वरून ११९ वर आली. आयस्पेस साध्या लोकेलमध्ये (भाषाविषयक मांडणीत) सहाच अक्षरे ओळखते : रिकामी जागा, टॅब, न्यूलाइन, उभा टॅब, फॉर्म फीड आणि कॅरेज रिटर्न. आमच्या फाइलीत त्यापलीकडचे बरेच काही आहे, हे उघड झाले.

७ मे

डोळ्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून ओडी ही आज्ञा वापरून बाइट दशमान आकड्यांत पाहिले. हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते. फाइलच्या अगदी आरंभी २३९, १८७, १९१ असे तीन बाइट होते. एक्सेल यूटीएफ-८ मध्ये (एकेक अक्षर एक ते चार बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) जतन करते तेव्हा ही खूण लावते, आणि तिच्यामुळे पहिल्या रकान्याचे शीर्षक ‘नाव’ या शब्दाशी जुळत नव्हते. कित्येक गावांच्या शेवटी १९४ आणि १६० हे बाइट होते, म्हणजे ओळ तुटू न देणारी रिकामी जागा. काहींच्या शेवटी २२६, १२८, १३९ असे तीन बाइट होते, म्हणजे शून्य रुंदीची जागा, जी पडद्यावर दिसतच नाही.

मग मी असे केले, आणि पुढचे तीन दिवस त्यातच गेले : नको असलेल्या सर्व बाइटांची एक स्ट्रिंग तयार केली आणि मजकुराचा बाइट त्या स्ट्रिंगमध्ये आहे का हे स्ट्रकॅरने विचारत दोन्ही टोकांकडून छाटत गेलो. आज त्यात रिकामी जागा, टॅब, १९४ आणि १६० एवढेच टाकले. गावे ९६ झाली. समाधानाने झोपलो.

८ मे

अण्णांनी सकाळी दाखवलेली ओळ जशीच्या तशी देतो. एका शेतकऱ्याच्या गावाच्या रकान्यात ‘ांदलवाडी’ असे छापले होते. मूळ फाइलीत त्या शेतकऱ्याचे गाव लिहिलेलेच नव्हते, नुसत्या दोन रिकाम्या जागा होत्या. त्याच्या आधीच्या ओळीतला शेतकरी मात्र तांदलवाडीचा होता.

यावर सकाळपासून जेवणापर्यंत वेळ गेला. स्ट्रकॅर स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्य बाइटलाही स्ट्रिंगचाच भाग मानते, त्यामुळे ‘शून्य बाइट नको असलेल्यांत आहे का’ या प्रश्नाला ते होकार देते. रकान्यात केवळ रिकाम्या जागा असतील तर डावीकडची फेरी त्या ओलांडते, मग शून्यही ओलांडते आणि थेट मागच्या ओळीच्या उरलेल्या मजकुरात शिरते. दोन रिकाम्या जागा आणि एक शून्य मिळून तीन बाइट होतात, ‘त’ या अक्षराचेही बाइट तीनच, म्हणून तेवढेच अक्षर पुसले गेले आणि पुढचा काना शाबूत राहिला. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (स्मृतीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) लावूनही काही कळले नाही, कारण ही भटकंती त्याच अ‍ॅरेच्या हद्दीत होत होती. फेरीच्या अटीत ‘बाइट शून्य नसेल तरच’ एवढे जोडले. डाव्या बाजूसाठी स्ट्रस्पॅन वापरले असते तर ही वेळ आली नसती, कारण ते शून्यापाशी आपोआप थांबते.

दुपारी नको असलेल्या बाइटांत २२६, १२८ आणि १३९ ही भर घातली. गावे ७० वर आली. संख्या कमी होते आहे एवढ्यावरच खूश होऊन मी हिशेबाच्या चिठ्ठ्या छापायला परवानगी दिली.

९ मे

थर्मल कागदाचे चार रोल वाया गेले. त्यांचे पैसे माझ्या बिलातून वळते करायला मी स्वतःच सांगितले, कारण चूक निर्विवाद माझी होती.

अण्णांचे आडनाव चौधरी आहे आणि त्यांची स्वतःची दोन एकर बाग असल्याने यादीत त्यांचेही नाव येते. त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली आणि विचारले, “काय भो, माझी वेलांटी कोणी खाल्ली?” चिठ्ठीवर ‘चौधर’ आणि त्यापुढे एक चौकोन छापला होता. कोळी, माळी, चौधरी, सगळ्यांची तीच गत होती. पाटील आणि महाजन मात्र सुखरूप होते.

ओडीने पाहिल्यावर कारण स्वच्छ दिसले. दीर्घ वेलांटीचे यूटीएफ-८ मधील बाइट २२४, १६५, १२८ असे आहेत. शून्य रुंदीच्या जागेचे बाइट २२६, १२८, १३९. मी बाइट सुटे करून यादीत टाकले होते, त्यामुळे १२८ हा जिथे शेवटी दिसेल तिथे तो छाटला जात होता. त्याच्या मागचे २२४ आणि १६५ हे यादीत नसल्याने ते अर्धवट तसेच राहिले आणि त्यांचा चौकोन झाला. अनुस्वार, काना, मात्रा यांचे शेवटचे बाइट वेगळे आहेत म्हणून सावदा आणि निंभोरा वाचले. ओकार वाचला नसता, कारण त्याचा शेवटचा बाइट १३९ आहे. परंतु ओकाराने संपणारे गाव आमच्या यादीत नाही.

याच न्यायाने परवाच्या, मला निर्दोष वाटलेल्या यादीकडेही वळून पाहिले. ‘ठ’ या अक्षराचे बाइट २२४, १६४, १६० आहेत, आणि १६० तर मी ७ तारखेलाच टाकला होता. म्हणजे ‘शेठ’ने संपणारी सगळी नावे आणि ‘पेठ’ने संपणारी सगळी गावे दोन दिवसांपासून मोडत होते, ती थोडी असल्याने कोणाच्या नजरेस आले नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग चालला आहे त्या व्यापाऱ्याचे नावही याच पद्धतीने पहिल्या पानाच्या डोक्यावर ‘शे’ आणि एक चौकोन असे छापले गेले होते. ते पान त्यांच्यापर्यंत जाण्याआधी अण्णांनी काढून घेतले.

मी अण्णांना बाइटांचा प्रकार समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पिल कापायला गेलास अन् घडालाच विळा लावला.” केळीच्या खोडाशी उगवणारी पिले वेळच्या वेळी कापावी लागतात, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

१० मे

छाटणी नव्याने लिहिली. आता बाइटांची सुटी यादी नाही, तर नको असलेल्या अक्षरांची यादी आहे आणि प्रत्येक अक्षरासोबत त्याची बाइटांतील लांबी नोंदवली आहे : रिकामी जागा आणि टॅब एक, न तुटणारी जागा दोन, शून्य रुंदीची जागा तीन, फाइलच्या आरंभीची खूण तीन. उजवीकडून छाटताना यादीतील प्रत्येक अक्षरासाठी आधी उरलेली लांबी पुरेशी आहे का ते पाहतो, मग शेवटचे तेवढे बाइट मेमकॉम्पने ताडतो, आणि ते पूर्ण जुळले तरच एकदम तेवढे कापतो. एक अक्षर कापल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागते, कारण न तुटणाऱ्या जागेच्या आत साधी रिकामी जागा दडलेली असते, आणि उलटही असते. हे मी पहिल्या मसुद्यात विसरलो होतो, परंतु या खेपेस चिठ्ठ्या छापण्यापूर्वी सापडले.

ही पद्धत देवनागरीला धक्का लावत नाही. यूटीएफ-८ मध्ये अक्षराचा पहिला बाइट आणि पुढचे बाइट यांची मूल्ये कधी सरमिसळ होत नाहीत; पुढचे बाइट नेहमी १२८ ते १९१ यांच्या दरम्यान असतात. त्यामुळे पूर्ण अक्षर ताडले तर दुसऱ्या अक्षराच्या पोटात चुकून जुळणी होऊ शकत नाही.

लांबीची तपासणी आधी आणि ताडणी नंतर, हा क्रम उलटा झाला तर एका बाइटच्या स्ट्रिंगमध्ये तीन बाइट मागे जाऊन वाचले जाते. क्रम नीट ठेवला आहे, हे दोनदा पाहिले.

१२ मे

शून्य रुंदीची जागा नावाच्या मधोमधही येते, उदाहरणार्थ ‘चिना’ आणि ‘वल’ यांच्यामध्ये. ती काढण्यासाठी वाचण्याचा एक आणि लिहिण्याचा एक असे दोन निर्देशांक ठेवून स्ट्रिंग त्याच जागी घट्ट केली. उत्साहाच्या भरात तिच्या शेजारची, २२६, १२८, १४१ या बाइटांची अदृश्य जोडखूणही त्याच फटक्यात उडवली.

लगेच भुसावळ तालुक्यातील ‘कुऱ्हे पानाचे’ हे गाव ‘कुर्हे पानाचे’ झाले आणि एका वकिलांच्या नावाआधीच्या ‘अ‍ॅड.’मधील चंद्र अधांतरी लटकू लागला. आपल्या लिपीत ही जोडखूण केर नाही. काही कीबोर्डांवर अर्धा चंद्राकृती ‘र’ हा साधा र, हलन्त आणि जोडखूण अशा तीन तुकड्यांतून टंकला जातो; खूण काढली की त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. खूण परत आणली, ती फक्त नावाच्या टोकांना असेल तरच कापायची असे ठरवले.

तरीही ‘कुऱ्हे पानाचे’ यादीत दोनदा येत होते, आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसत होती. दुसऱ्या प्रकारच्या कीबोर्डाने त्याच ‘र’साठी स्वतंत्र अक्षर वापरले होते, ज्याचा शेवटचा बाइट १७६ ऐवजी १७७ असतो. आता छाटणीनंतर एक वेगळी फेरी आहे, जी र, हलन्त आणि जोडखूण हे नऊ बाइट एकत्र दिसले तर त्यांच्या जागी तो स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त असे सहा बाइट ठेवते. मजकूर लहानच होतो, त्यामुळे त्याच जागी करता येते. मुक्ताईनगरकडच्या कुऱ्हा-काकोड्यालाही याचा फायदा झाला.

१३ मे

रकमेच्या रकान्याकडे अर्धा दिवस. काहींनी ‘१२००/-’ लिहिले होते, काहींनी एक्सेलच्या कृपेने ‘१,२००’ दुहेरी अवतरणचिन्हांत, आणि काहींनी देवनागरी अंक. ॲटॉयने (मजकुरातून आकडा काढणाऱ्या फंक्शनने) अवतरणचिन्हापाशीच थांबून शून्य दिले आणि देवनागरी अंकांनाही शून्य. तक्रार कशाचीच केली नाही. आता अवतरणचिन्ह दोन्ही टोकांना असेल तरच जोडीने काढतो, ‘/-’ शेवटी असेल तर काढतो, स्वल्पविराम गाळतो, आणि २२४, १६५ यांच्यापुढे १६६ ते १७५ पैकी बाइट आला तर त्यातून १६६ वजा करून अंक मिळवतो. शेवटी आकडा वाचणारे स्ट्रटोल जिथे थांबले तिथे शून्य बाइट नसेल तर ती ओळ वेगळ्या फाइलीत टाकून अण्णांपुढे ठेवतो. अशा ९ ओळी निघाल्या. त्यांतील एकीत रकमेऐवजी कोणीतरी ‘नंतर’ असे लिहिले होते.

जाता जाता : रकाने तोडण्यासाठी स्ट्रटोक वापरू नका. वापसीच्या (हलक्या प्रतीच्या) मालाला फरकाचा रकाना रिकामा असतो, आणि स्ट्रटोक लागोपाठचे दोन स्वल्पविराम एकच मानत असल्याने रक्कम फरकाच्या जागी सरकते. तोडणी हाताने लिहिली.

१४ मे

गावे ५९. अण्णांच्या ५४ पेक्षा पाच जास्त. ती पाचही अदृश्य अक्षरांची नाहीत : ‘वाघोदे बु.’, ‘वाघोदे बु॥’ आणि ‘वाघोदे बुद्रुक’ असे तीन प्रकार, खुर्दचेही तसेच तीन, आणि एक ‘वाघोदे’ नुसतेच. शेवटचा टिंब आणि दोन दंड छाटून पहिले दोन प्रकार एक करता येतात आणि ते केले. गावे ५७ झाली. मात्र ‘बु’ला ‘बुद्रुक’ म्हणणे हे छाटणीचे काम नाही, त्यासाठी अण्णांनी हाताने लिहिलेली गावांची यादी वेगळी फाइल म्हणून जोडली. आता ५५ गावे आहेत. पंचावन्नावे म्हणजे ते नुसते ‘वाघोदे’. त्या सात ओळी कोणत्या वाघोद्याच्या आहेत, हे प्रोग्रामला कळण्यासारखे नाही. अण्णा उद्या काटा सुरू होण्याआधी जुन्या पावत्यांचे गठ्ठे सोडून पाहणार आहेत, आणि तोवर चिठ्ठ्या छापायच्या नाहीत असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.